यादीबाहेरची पेठ

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी हिंगोलीच्या जुन्या वस्तीत एखादा वाडा पाडून नवी इमारत उभी करायची झाली, तर त्याचा कागद दोनपैकी एका दारात जातो. गाव असेल तर ग्रामपंचायतीत, कारण ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते. नगरपरिषदेची हद्द असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो. दोन्हीकडे तपासणी साधारण सारखीच होते: जागा कोणाच्या नावावर आहे, घरपट्टी थकली आहे का, रस्त्यापासून आणि शेजाऱ्यापासून किती अंतर सोडले, चटई क्षेत्र किती वापरले. हे सगळे प्रश्न होऊ घातलेल्या इमारतीबद्दलचे आहेत. आज त्या जागी काय उभे आहे, ते साधारण कधीचे, त्याच्या भिंतीवर शेजारच्या घराची तुळई टेकली आहे का, त्याची ढाळज (दरवाज्याआतली ओसरी) गेली तर गल्लीची ओळ कुठे तुटते, हे सहसा कोणी विचारत नाही. या लेखाचा विषय तेवढाच आहे. जुन्या पेठेतल्या इमारतीत बदल करण्याचा प्रस्ताव आला, तर तो कोणी, केव्हा आणि कशाशी ताडून पाहावा? महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर गेली तीस वर्षे कायद्यात आहे. पण ते उत्तर यादीवर बेतलेले आहे आणि याद्या मोठ्या शहरांत आहेत. जुनी बांधणी जिथे सर्वांत झपाट्याने जाते आहे, तिथे ती जाताना पाहणारा कोणी नेमलेलाच नाही. माझ्या मते ही उणीव मुंबईची समिती गावोगाव नेऊन भरून निघणार नाही. पाडण्याआधी पाहण्याची, लिहून ठेवण्याची आणि मालकाला हात देण्याची साधी पद्धत गावपातळीवर बसवली, तरच ती भरून निघेल.

मुंबईपासून सुरुवात करायला हवी, कारण देशात हा विचार नियमावलीत पहिल्यांदा तिथे आला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपचे श्याम चैनानी आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला, आणि एप्रिल १९९५ मध्ये शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीतला ६७ वा नियम लागू झाला. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले. त्यांची तीन श्रेण्यांत विभागणी झाली. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला जवळपास हात लावायचा नाही, दुसरीत आतले बदल आणि नवा वापर चालेल, तिसरीत बाहेरचेही बदल होऊ शकतील, पण परिसराच्या चेहऱ्याला धक्का लावून नाही. प्रस्ताव तपासायला वारसा संवर्धन समिती नेमली गेली. समितीचे मत बाजूला सारायचे असेल तर महापालिका आयुक्तांनी त्याची कारणे लेखी नोंदवावीत, अशी तरतूद झाली. ही शेवटची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. समिती चुकू शकते, आयुक्तही चुकू शकतो. पण चूक कोणत्या कारणाने झाली हे कागदावर राहिले, तर पुढच्या माणसाला ती दुरुस्त करता येते. १९६६ च्या मूळ अधिनियमातही वारसा इमारत आणि वारसा परिसर यांच्या व्याख्या आल्या. एरवी घराच्या आतली डागडुजी किंवा बाहेरून फारसा न दिसणारा बदल करायला नियोजन परवानगी लागत नाही. यादीतल्या इमारतीला मात्र ही सूट नाही. १९९५ मध्येच हैदराबादनेही असाच नियम केला. पुढे २०२० च्या डिसेंबरमध्ये बृहन्मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळून साऱ्या राज्याला एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि तिच्यातही वारसा जतनाचा भाग आहे. म्हणजे हिंगोली नगरपरिषदेने उद्या यादी करायची ठरवली, तर त्यासाठी नवा कायदा मागायची गरज नाही.

समितीची तपासणी म्हणजे फक्त अडवणूक, हा समज खोटा पाडणारे एक उदाहरण मुंबईतच आहे. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती वेगवेगळ्या मालकांनी, वेगवेगळ्या शैलींत बांधल्या, तरी तो रस्ता एकसंध दिसतो. त्याचे कारण १८९६ चा एक सरकारी नियम. तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग ओवरी ठेवलीच पाहिजे, असे त्या नियमाने सांगितले होते. वरती ज्याला जे हवे ते त्याने केले, खाली मात्र सगळ्यांनी रस्त्याला एक गोष्ट दिली. शंभर वर्षांत दुकानांच्या पाट्यांनी त्या कमानी झाकून टाकल्या. एकावर एक पत्र्याचे आणि प्लास्टिकचे फलक चढत गेले, कमानीचा दगड दिसेनासा झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे पाटी कशी असावी याची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली: पाटी कमानीच्या आत बसावी, दगडी कोरीवकाम झाकू नये. दुकानदारांशी बोलून, त्यांना पटवून हे काम झाले. कोणाचे दुकान गेले नाही, कोणाचा धंदा बुडाला नाही, आणि रस्त्याचा चेहरा परत दिसू लागला. या कामात तपासणीचे एकक इमारत नव्हते, रस्ता होता. कोणत्या गोष्टी सर्वांच्या आहेत आणि कोणत्या ज्याच्या त्याच्या, हे आधी ठरवले की वादाचा मोठा भाग उरत नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या पेठेला हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. इथल्या गल्लीत रस्त्याला लागून ओटा असतो, ओट्यावरून दरवाजा, दरवाज्यातून ढाळज. येणारा माणूस तिथे टेकतो, उन्हातून आलेला सावली घेतो, व्यवहार होतात, आणि घरच्या बायकामाणसांचा चौक मात्र त्यापलीकडे राहतो. शेजारशेजारच्या घरांच्या भिंती सामाईक असतात, माळवदे (मातीची सपाट छते) एका पातळीत असतात, पावसाचे पाणी ठरलेल्या बाजूला जाते. आता एका मालकाने वाडा पाडून तीन मजल्यांची काँक्रीटची इमारत बांधली. रस्तारुंदीच्या आखणीप्रमाणे तो मागे सरला, शेजारचा जुना मात्र जागीच राहिला. ओट्याच्या जागी दुचाक्या लागू लागल्या. सामाईक भिंतीतून तुळया काढून घेतल्या, तिथली भगदाडे विटांनी जेमतेम बुजवली, आणि पहिल्याच पावसाळ्यात शेजाऱ्याच्या घरात ओल उतरली. पुढच्या दोन-चार वर्षांत त्या शेजाऱ्यालाही आपले घर पाडावेच लागते. एका परवानगीचा परिणाम असा चार घरांवर होतो, पण परवानगी देणाऱ्याने एकच नकाशा पाहिलेला असतो. वाडा सुंदर आहे की नाही, ऐतिहासिक आहे की नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी शेजाऱ्याच्या भिंतीचा प्रश्न उरतोच. म्हणून बदलाची तपासणी ही फक्त रसिकांची हौस आहे असे म्हणता येत नाही.

तपासणीच्या विरोधात जे आक्षेप घेतले जातात, त्यांत तथ्य आहे आणि त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप मालकाच्या खिशाचा. यादीत नाव आले की घर अडकले, ही भीती खरी आहे. २०१२ साली मुंबई महापालिकेने शेकडो नव्या वास्तू आणि परिसर यादीत घालण्याचा प्रस्ताव जाहीर केला, तेव्हा दादर-शिवाजी पार्क भागातल्या रहिवाशांनी त्याला जोरदार विरोध केला. त्यांची घरे जुनी झाली होती, पुनर्विकासाची आशा होती, आणि यादीत गेल्यावर ती मावळेल असे त्यांना वाटले. त्यांना वारशाचे प्रेम नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. जतनाचा भार कोणी उचलायचा याचे उत्तर त्यांना कोणी दिले नव्हते, ही खरी अडचण होती. त्याच शहरातल्या एस्प्लनेड मॅन्शनची कहाणी याच दुखण्याची आहे. १८६० च्या दशकात बिडाच्या सांगाड्यावर उभे राहिलेले हे मूळचे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा देशातला पहिला खेळ इथेच झाला. इतका मान असूनही, यादीत असूनही, दशकानुदशके या इमारतीची पडझड होत राहिली. २००५ मध्ये बाल्कनीचा भाग कोसळला, २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. नाममात्र भाड्यावर असलेल्या इमारतीची दुरुस्ती मालक करत नाही आणि भाडेकरूला ती परवडत नाही. यादीने ती इमारत पाडू दिली नाही, पण उभी ठेवायला पैसाही दिला नाही. मुंबईत मालकाला नुकसानीपोटी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय आहे, पण तो हक्क विकत घेणारा बाजार तिथे आहे म्हणून त्याला किंमत आहे. हिंगोलीत किंवा सेनगावात असा हक्क घेऊन मालक तो कोणाला विकणार? छोट्या गावात मोबदला रोख लागेल, घरपट्टीच्या सवलतीत लागेल, दुरुस्तीच्या अनुदानात लागेल. यातले काहीच द्यायचे नसेल तर यादी करू नये, असे मी म्हणेन. फुकटच्या यादीने मालक दुरावतो आणि वाडाही जातो.

दुसरा आक्षेप असा की तपासणी म्हणजे शेवटी बंदीच. या आक्षेपाला पुण्याने मोठे बळ दिले आहे. २०१० साली केंद्राच्या प्राचीन स्मारक कायद्यात दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई झाली आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट आली. शनिवारवाड्याभोवतीच्या पेठांत शेकडो कुटुंबे जुन्या वाड्यांत राहतात. पाडून नवे बांधता येत नाही. दुरुस्तीसाठी परवानगीचे हेलपाटे. काही वाडे मोडकळीला आले. पुण्यातल्या कसबा मतदारसंघाच्या निवडणुकांतही हा प्रश्न गाजतो. मला या नियमाचा हेतू समजतो, पण त्याची पद्धत पटत नाही. अंतर मोजून सरसकट नाही म्हणणे याला तपासणी म्हणता येत नाही. प्रस्ताव न वाचताच दिलेला तो निकाल आहे. शंभराव्या मीटरवरचे घर आणि स्मारकाला टेकलेले घर यांचा स्मारकावर होणारा परिणाम सारखा कसा असेल? तपासणी म्हणजे प्रत्येक प्रस्ताव वाचणे: उंची किती, रस्त्याकडचा भाग कसा, जुन्या लाकडाचे आणि दगडाचे काय होणार. ते वाचल्यावर हो म्हणणे हेच बहुतेक वेळा योग्य ठरेल. पणजीतल्या फोंताइन्याशसारखी वस्ती आज टिकून आहे, कारण तिथे माणसे राहतात, जुन्या घरांत अतिथिगृहे आणि दुकाने निघाली आहेत. वापर बदलू दिला म्हणून भिंती राहिल्या.

तिसरा मुद्दा आक्षेपापेक्षा वास्तवाचा आहे, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. छोट्या शहरांत बहुतेक जुनी घरे बांधकामाच्या अर्जावर पडत नाहीत, ती नोटिशीवर पडतात. दर वर्षी मृगाच्या आधी नगरपरिषद धोकादायक इमारतींची यादी काढते. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ खाली मालकाला नोटीस जाते की दुरुस्ती करा किंवा उतरवून घ्या. महापालिका क्षेत्रात याच कामाला २६४ वे कलम आहे, मुंबईत ३५४ वे. माणसांचा जीव वाचवणारी ही तरतूद आहे आणि तिला हात लावू नये. पण तिचा दुसरा वापरही होतो. वाड्यात जुने भाडेकरू असतात, भावाभावांत वाटणीचा वाद असतो, जागा विकायची असते; अशा वेळी नोटीस हा सर्वांत जवळचा मार्ग ठरतो. नोटीस काढताना कोण अभियंता आला, त्याने कोणती भिंत पाहिली, धोका छताला आहे की पायाला, की फक्त मागच्या न्हाणीच्या भिंतीला, हे नोंदवलेले नसेल, तर एका खोलीच्या दोषासाठी चार खणांचा वाडा जमीनदोस्त होतो. वारसा समितीकडे प्रस्ताव गेला असता तर निदान कोणी तरी तो पाहिला असता. नोटिशीच्या मार्गाने तो कोणाकडेच जात नाही. नोटिशीसोबत धोका नेमका कुठे आहे याचे एक पान आणि फोटो जोडणे सक्तीचे केले, आणि दुरुस्तीने भागेल की नाही हे त्यावर लिहून घेतले, तर एवढ्यानेही पुष्कळ घरे वाचतील. जिवाच्या सुरक्षेला त्याने कुठेही बाध येत नाही.

सुरक्षेचा विषय निघाल्यावर मराठवाड्यात किल्लारीला बगल देता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. तीव्रतेच्या मानाने बळी भयंकर होते, आणि त्याचे कारण घरे होती. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, आतली आणि बाहेरची अशा दोन थरांत; दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड नव्हते. वर माळवद, दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून टाकून दोन-दोन फूट जाड झालेले. जमीन हलली तशा भिंती फुगून फुटल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. त्यानंतर या भागातल्या माणसाने जुन्या दगड-मातीच्या घराकडे भीतीने पाहिले, तर त्याला दोष देता येणार नाही. हिंगोली जिल्ह्यात ही भीती आजची आहे. वसमत-कळमनुरी पट्ट्यात जमिनीतून येणारे आवाज आणि सौम्य धक्के लोकांना परिचयाचे झाले आहेत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ आणि लगोलग ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. १० जुलै २०२४ ला पुन्हा ४.५ चा धक्का बसला, त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ होते. अशा जिल्ह्यात जुनी घरे जपा म्हणणाऱ्याने आधी भूकंपाचे उत्तर दिले पाहिजे.

उत्तर आहे, आणि ते किल्लारीनेच दिले आहे. सगळी जुनी घरे सारखी पडली नाहीत. जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होता, तिथे अनेक ठिकाणी भिंत ढासळली तरी छत खांबांवर उभे राहिले. जिथे छत थेट सैल रचलेल्या भिंतीवर टेकले होते, तिथे ते कोसळले. म्हणजे दोष जुनेपणाचा नव्हता. बांधणीतल्या ठरावीक उणिवांचा होता, आणि त्या शोधून दुरुस्त करता येतात. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, त्यात नव्या घरांबरोबर उभ्या घरांचे बळकटीकरणही झाले: माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणे, छताखाली सलग पट्टा बांधणे. दुसरीकडे ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. सरळ रेषांचे रुंद रस्ते आणि सुटी सुटी घरे मिळाली, पण जनावरे, कडबा, शेतीची अवजारे, सामाईक अंगण यांना तिथे जागा कमी पडली, आणि पुढे पाहणाऱ्यांनी ही उणीव नोंदवली. या दोन्ही अनुभवांतून माझा निष्कर्ष असा की जुन्या घराची तपासणी करणाऱ्यात कलेच्या जाणकाराइतकाच, किंबहुना त्याच्याआधी, बांधकामाचा अभियंता असला पाहिजे. मजबुती आणि जतन हे दोन वेगळे अर्ज ठेवले की ते एकमेकांविरुद्ध जातात. एकाच पाहणीत दोन्ही पाहिले, तर बहुतेक वेळा माळवदावरची माती उतरवून, भिंत सांधून घर राहते आणि माणूसही सुरक्षित राहतो. लाकूड वाळवीने पोखरले असेल, पाया खचला असेल, तर पाडायलाच हवे, आणि तसे स्पष्ट लिहून द्यायला हवे.

चौथा आक्षेप मला सर्वांत आदराने ऐकावासा वाटतो. वारसा म्हणजे कोणाचा वारसा? मराठवाड्यातल्या गढ्या आणि चिरेबंदी वाडे देशमुख-पाटलांचे, सावकारांचे. ज्यांच्या वाडवडिलांना त्या दरवाज्यातून आत पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्यांनी त्या दरवाज्याच्या महिरपीसाठी पैसा का मोजावा? यावर वारशाच्या नावाने गोडवे गाऊन भागणार नाही. पण या आक्षेपाचा रोख तपासणीवर नाही, यादी कोणी करायची यावर आहे. यादी फक्त कोरीवकाम पाहून केली तर ती उच्चवर्णीयांचीच होणार. गावाच्या जगण्यात ज्या जागांनी काही घडवले त्या सगळ्या पाहिल्या, तर यादीत पाणवठे येतील, बुद्धविहारे येतील, शाळा येतील, दर्गे आणि मठ येतील, चावडी येईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आणि त्याच्या भोवतीचे नागसेनवन यांचे मोल दगडाच्या नक्षीवर ठरत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामातही नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ रोजी लुटली गेली आणि तो पैसा लढ्याच्या कामी आला. त्या घटनेचे मोल बँकेच्या इमारतीच्या देखणेपणावर अवलंबून नव्हते. अशा साध्या बांधणीच्या जागा सर्वांत आधी पाडल्या जातात, कारण त्या कोणाला वारसा वाटतच नाहीत. त्यामुळे यादीचा पहिला खर्डा तज्ज्ञाने न करता ग्रामसभेत किंवा प्रभागसभेत व्हावा, सर्व वस्त्यांत फिरून व्हावा, आणि तज्ज्ञाने त्यात भर घालावी, खोडू नये.

खाजगी मालकाची इतकी चर्चा केल्यावर हेही सांगितले पाहिजे की जुन्या पेठेत सर्वांत मोठे बदल बहुधा सरकारच करते. रस्तारुंदी, बाजार संकुले, तीर्थक्षेत्र विकास. पंढरपुरात २०२२ पासून मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरचा आराखडा चर्चेत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाल्यानंतर ती कल्पना इथे आली, आणि मंदिराजवळच्या दुकानदारांनी व रहिवाशांनी आंदोलने केली. वारीच्या गर्दीचा प्रश्न खरा आहे, चेंगराचेंगरीचा धोका खरा आहे, आणि तो सोडवायलाच हवा. पण अरुंद बोळ, त्यातले मठ, फड, वारकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या उतरायला जागा देणारी घरे हीच पंढरपूरची पेठ आहे. ती एका आराखड्यात एकदम बदलायची असेल तर प्रत्येक घराची पाहणी आधी व्हायला हवी, जाहीर व्हायला हवी. त्याच गावात २०२४ मध्ये विठ्ठल मंदिराच्या आत नंतरची रंगरंगोटी आणि फरशा काढून मूळ दगड दिसू देण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली झाले आणि त्या वेळी मंदिरात तळघरही सापडले. मंदिराच्या भिंतीच्या आत जेवढी सावधगिरी बाळगली जाते, तेवढी भिंतीच्या बाहेर का नसावी? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाच्या काळ्या दगडाच्या मंदिराभोवती आणि नामदेवांच्या नरसीत भाविकांच्या सोयीची कामे वाढणार आहेत. तिथल्या जुन्या वस्तीची नोंद आजच करून ठेवली, तर उद्याच्या आराखड्यावर वाद घालताना निदान हातात काही असेल. हैदराबादचा अनुभव हेच सांगतो. तिथल्या राज्य सरकारला नवे विधानभवन बांधण्यासाठी इरम मंजिल हा जुना महाल पाडायचा होता. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तो निर्णय रद्द केला. ती वास्तू पूर्वी वारसा यादीत नोंदलेली होती, म्हणून न्यायालयात तिची बाजू मांडता आली.

जगभरचा अनुभव यापेक्षा फार वेगळा नाही. अमेरिकेत चार्ल्सटन शहराने १९३१ साली जुन्या भागातल्या इमारतींच्या बाहेरच्या बदलांसाठी तपासणी मंडळ नेमले, ब्रिटनने १९६७ च्या कायद्याने एकेका इमारतीऐवजी संपूर्ण परिसर जपण्याची वाट धरली. त्यातून जुने रस्ते वाचले, आणि अनेक ठिकाणी घरांच्या किमती वाढून जुने रहिवासी मात्र बाहेर पडले. हा धोका साखऱ्याला नाही. इथे अडचण उलटी आहे, की जुने घर कोणाला नकोच आहे.

नको असण्यामागे गरज आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातल्या कुटुंबाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर बांधायचे असते. गावठाणात मोकळी जागा नसते, म्हणून जुने घर उतरवूनच घरकुल उभे राहते. ज्याच्या डोक्यावर गळके माळवद आहे, त्याला थांब म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही, मलाही नाही. शिवाय परवानगीच्या अटी शिथिल होत आहेत; २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना नगररचनाकाराच्या परवानगीतून सूट जाहीर केली. शहरी अर्जावरही ६० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाल्याचे धरले जाते. म्हणून गावातली तपासणी वेगळ्या कार्यालयात, वेगळ्या अर्जाने, महिनोन्‌महिने चालणारी असून भागणार नाही. ती ज्या कागदांवर आज काम चालते त्यांतच बसली पाहिजे.

आणि ते कागद तयार आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये प्रत्येक मिळकतीची आकारणी होते, ती बांधणीच्या प्रकारावरून: मातीचे घर, दगड-विटांचे मातीत रचलेले, चुन्यात किंवा सिमेंटमध्ये रचलेले, सिमेंट काँक्रीटचे. म्हणजे गावातली कोणती घरे जुन्या बांधणीची आहेत याची यादी ग्रामपंचायतीच्या कपाटात आज आहे, फक्त ती कर लावण्यासाठी आहे. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत, त्यामुळे प्रत्येक घराची हद्दही नकाशावर येते. या दोन कागदांवर एक रकाना वाढवायचा: घराचे साधारण वय, लाकडी सांगाडा आहे की नाही, सामाईक भिंत कोणत्या बाजूला. मग ज्या थोड्या घरांना गाव स्वतः महत्त्वाचे मानते, त्यांच्यासाठी पाडण्याआधी तालुक्याच्या अभियंत्याची एक पाहणी, पंधरा दिवसांच्या मुदतीत, आणि दुरुस्तीने भागत असेल तर नव्या घराइतक्याच अनुदानाचा पर्याय. बाकीच्या घरांना कसलीही अडकाठी नको, फक्त पाडण्याआधी फोटो. त्यातला अर्धा भाग तर आजही होतो आहे: घरकुलाच्या लाभार्थ्याचे जुने घर आणि नियोजित जागा यांचा स्थाननोंदीसह फोटो हप्ता मिळण्याआधी काढावा लागतो. असे फोटो गावोगाव काढले गेले आहेत आणि पुढेही काढले जातील. त्यांचा उपयोग फक्त हप्ता सोडण्यापुरता झाला. त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी, नमुना ८ च्या त्या त्या मिळकतीच्या ओळीला जोडून ठेवायला शासनाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.